अक्काच्या मरणाची कविता

ज्या बाईच्या मरणावर मी कविता लिहून छापली, ती बाई त्यानंतर कैक वर्षं आमच्या शेजारी राहिली. आता ती खरोखरच नाही, म्हणून हे सांगते.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, सडकेपासून आत. वडलांचं भुसार मालाचं दुकान होतं. घरात चुलीपाशी कानडी, गल्लीत मराठी आणि कचेरीचा कागद आला की उर्दू, अशा तीन बोलींत आमचा दिवस जायचा. अक्का आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही. एक म्हैस, थोडी जमीन आणि जातं एवढाच तिचा संसार. सोलापूरला मामाकडं राहून मी चार इयत्ता शिकून आले होते, पण ओळीला ओळ कशी जोडायची ते मला अक्कानंच जात्यावर शिकवलं. पहिली ओळ मी म्हणायची, दुसरी तिनं जुळवायची. अडली की ती सरळ कानडी शब्द घालायची आणि तो बसायचा.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. उन्हाळ्यात गावोगाव टोळ्या फिरू लागल्या. एका सकाळी शेजारच्या गावाकडं धूर दिसला आणि आमच्या लोकांनी गाड्या जुंपल्या. अक्का घरी नव्हती, धुणं घेऊन विहिरीवर गेली होती. वाटेत तिला गाडीत घ्यायचं ठरलं. विहिरीवर पोचलो तर धुणं अर्धं पिळलेलं, घागर आडवी पडलेली आणि अक्का कुठंच नाही. वडलांनी काठावरून हाका मारल्या. पाणी हिरवं, स्थिर होतं. आईनं पदर तोंडात धरला. तेव्हा टोळीच्या भीतीनं बायका विहिरी जवळ करत होत्या, त्यामुळं कुणी काही बोलायची गरज पडली नाही. थांबता येत नव्हतं. गाड्या पुढं निघाल्या.

सोलापुरात मामा छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांच्या एका खोलीत आम्ही सगळे दाटीनं राहिलो. शहरात आमच्यासारखी घरं सोडून आलेली माणसं जागोजाग होती आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला जायचा : तुम्ही कुठले? मला उत्तर देताना अडखळायला व्हायचं. जे गाव रिकामं पडलंय त्या गावचे आहोत असं कसं म्हणायचं? मी लिहायला लागले. गावावर, बोलीवर, कुलूप न घालता सोडलेल्या दारांवर. सगळ्यांत मोठी कविता अक्काची होती. तिच्यातल्या दोन ओळी अशा :

पाण्याखाली तुझी जागा, वर शेवाळाचा पदर,
घर तुझं उघडं गं, कुणी घ्यावी त्याची खबर.

मामांनी मालकाला विचारून उरल्यासुरल्या कागदावर त्या कविता छापल्या. राखी रंगाचं पातळ पुस्तक झालं. आमच्या भागातल्या बायका जमल्या की ती कविता वाचायला लावत आणि रडत. अक्काचा एक लांबचा पुतण्या तिथंच होता. त्यानं ती ऐकली आणि अक्काच्या नावानं जंगमांना, म्हणजे आमच्या पुरोहितांना, मरणाचं जेवण घातलं. अशी अक्का सगळ्यांच्या लेखी गेली.

पाऊस संपता संपता फौज आली, राज्य गेलं आणि दसऱ्यानंतर आम्ही गावी परतलो. दुपारची वेळ होती. वेशीतून आत आलो तेव्हा एकही कुत्रं भुंकलं नाही. लांब उभी राहून कुत्री आमच्याकडं नुसती बघत होती. काही घरं जळालेली, काहींच्या उंबऱ्यात कमरेएवढं गवत. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मला इतका मोठा वाटत होता की ते काढून टाकावेत असं झालं. आमच्या गल्लीत वळलो आणि आई जागच्या जागी थांबली.

अक्काच्या घरातून जात्याची घरघर येत होती.

वडील पुढं झाले. मी त्यांच्या मागून दारापर्यंत गेले. आत अक्का बसली होती. केस पांढरे झालेले, दंडाची कातडी लोंबत होती. तिनं वर पाहिलं नाही. मूठ भरून जोंधळे घातले, जातं फिरवलं आणि आम्ही सकाळीच भेटून गेलो असू अशा आवाजात म्हणाली, "आलात व्हय. पाणी आडातलं घ्या. विहिरीचं पिऊ नका."

आई तिच्या जवळ गेली नाही. इतक्या वर्षांची शेजारीण, पण आईचे हात अंगाशी बांधल्यासारखे झाले होते.

काय घडलं होतं ते हळूहळू कळलं. धूर पाहताच अक्का धुणं टाकून शेतवाटेनं घराकडं पळाली होती. आम्ही तेव्हा गाडीरस्त्यानं विहिरीकडं निघालो होतो. ती पोचली तर गल्ली रिकामी. परसात जमिनीत खणलेलं तिचं धान्याचं पेव होतं. ते उघडून ठेवलेलं होतं आणि जवळपास रिकामं झालं होतं. ती त्यात उतरली आणि वर झाकण ओढून घेतलं. टोळी आली, लुटून, जाळून गेली. किती दिवस ती आत होती हे तिलाही सांगता येईना.

गाव भरत गेलं तसं नवंच सुरू झालं. अक्का दिसली की बायका वाट बदलायच्या. तिच्या हातचं ताक कुणी घेईना. पुतण्या तर तिच्या दारातही आला नाही. जेवण घातलंय, आता परत कसं बोलवायचं, असं तो म्हणायचा. गावच्या अय्यांना, म्हणजे आमच्या जंगमांना लोकांनी विचारलं. जिवंत माणूस जिवंतच असतं, एवढंच ते म्हणाले. लोकांनी मान डोलावली आणि तिला टाळणं चालू ठेवलं.

मग कुणीतरी तिला सांगितलं की तुझ्यावर कविता आहे. ती आमच्या दारात आली आणि मला म्हणाली, पुस्तक घेऊन ये. मी टाळाटाळ केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तेव्हा मला जावं लागलं.

तिच्या अंगणात ऊन होतं. मी वाचू लागले. विहिरीची जागा आली तशी मी दोन ओळी गाळल्या. "गाळू नको," ती म्हणाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठं ओळ तुटली ते तिच्या कानाला कळलं होतं. मी सगळी वाचली. तिनं परत वाचायला लावली. मग ती म्हशीच्या दाव्याशी चाळा करत बसली.

"ही बाई कोण गं?"

"तुम्हीच की, अक्का."

"न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "ही गेली. मला ठावं हाय."

मग तिनं जे सांगितलं ते तिनं मला सोडून कुणाला सांगितलं नसावं. पेवात असताना टोळी गेल्यावर सगळं सामसूम झालं. आणि मग तिला वरून जात्याचा आवाज येऊ लागला. तिच्याच घरातून. कुणीतरी दळत होतं आणि गात होतं. ओव्या तिच्या होत्या, गळाही तिचाच होता, अडली तिथं कानडी शब्द घालायची लकबही तिचीच. अक्का खाली मातीत बसून ऐकत होती. शेवटी तहान सोसेना तेव्हा ती वर आली. घरात कुणी नव्हतं. जात्याभोवती ताजं पीठ पडलेलं होतं, हात लावला तर गरम लागत होतं.

"पुढं लई दिस म्या तेच पीठ खाल्लं," ती म्हणाली. "आन् रोज इचार करायची, अक्का वर दळतीय, तर मग खाली बसलेली मी कोण? तुझ्या कवितेनं कळलं. ती हिरीवरच गेली. मी दुसरी हाय, तिच्यामागं उरलेली."

मी पुस्तक मिटलं आणि घरी आले.

त्या दिवसापासून ती अक्का या हाकेला ओ देईना. समोर जाऊन बोललं तर नीट बोलायची, पण हाक मारली तर जणू दुसऱ्या कुणाला मारली आहे अशी बघायची. गावात गोष्ट पसरली. पुस्तकातलं ते पान नाहीसं केलं तर बाई ताळ्यावर येईल, असं लोकांचं म्हणणं पडलं. वडलांनाही ते पटलं. मामांकडून उरलेल्या प्रती मागवल्या आणि मी ओसरीवर बसून पान फाडायला घेतलं. पहिलं पान फाटतंय तोवर ती भिंतीपलीकडून आली आणि माझा हात धरला. तिचा हात गार होता.

"फाडू नको. तिला मग ठेवशील कुठं? तिला माती न्हाय, दगड न्हाय. एवढ्यातच हाय ती."

मी प्रती बांधून माळ्यावर ठेवल्या. फाटलेलं पान तिनं नेलं.

पुढं गावात मुलींची शाळा निघाली आणि मी तिथं शिकवायला लागले. अक्का संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. मी नवं काही लिहिलं की तिला ऐकवायची आणि ती कधी दुसरी ओळ द्यायची, कधी नुसती मान हलवायची. माझ्या दुसऱ्या संग्रहात तिच्या पुष्कळ ओळी आहेत. नाव घालू का, विचारलं तर म्हणाली, कुणाचं घालशील? लोकांची भीती ओसरली, पण एकदम नाही. आधी आईनं तिच्या हातचं ताक घेतलं, मग एका घरी बाळंतिणीला रात्रंदिवस जपायला दुसरं कुणी मिळेना म्हणून तिला बोलावलं. त्या घरातलं मूल तिला आई म्हणायचं आणि त्या हाकेला मात्र ती ओ द्यायची.

ती गेली ती साध्या तापानं, भर दुपारी, आमच्या ओसरीवर. आमच्यात बसवून पुरतात, म्हणून तिला बसवलं, विभूती लावली. पुतण्या लांब उभा होता. एकदा जेवण घातलेल्या माणसाला पुन्हा त्याच नावानं मूठमाती द्यायची का, यावर तो आणि म्हातारी माणसं हळू आवाजात घोळ घालत होती. वडलांनी तो ऐकला आणि आमच्या शेताच्या कोपऱ्यात खड्डा घ्यायला सांगितलं.

शेतात अय्यांनी मंत्र सुरू करायच्या आधी विचारलं की नाव काय घेऊ, ही कुणाची?

पुतण्या खाली बघत होता. तेव्हा आई पुढं झाली आणि आमच्या चुलीजवळच्या बोलीत म्हणाली, "नम्माकी." आमची आहे ती. अय्यांनी मान हलवली आणि मंत्र सुरू केला. माती पहिल्यांदा आईनं टाकली, मग मी.