पाणी कुठलं, हे कुणी विचारलं नाही

"माताजी, आप बाहर बैठिए. ये मर्दों की बात है."

डॉक्टर असं म्हणाले आणि पलंगाभोवतीचे शिकाऊ डॉक्टर हसले. ते हसले त्याचं काही नाही. पलंगावर धोतर सोडून पडलेले आमचे हेही हसले.

आमचे हे म्हणजे काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्याचे गुरुजी. पंचगंगा घाटावर लोकांच्या पितरांना पोचवणार, पण स्वतःच्या अंडकोषाची सूज दाखवायला वर्ष घालवलं. डॉक्टरांनी खालून बॅटरी धरली, सूज लालसर उजळली. "पानी है. हाइड्रोसील. कल निकाल देंगे."

पाणी होतंच. कुठलं, हे कुणी विचारलं नाही.

अर्थ मलाही कळत नव्हता, पण पाहिलं होतं. लघवीला जाऊन आले की सूज निम्मी. हाताने दाबली की परत लघवी. ह्यांनीच दाखवलं होतं, भरदुपारी, कडी लावून. तेवढंच मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

"नहीं नहीं," हे म्हणाले, "इसको तो कुछ भी दिखता है."

त्यावर ते हसणं. त्यावर मी बाहेर.

बाकावर बसले. पन्नाशीची घोडी, दोन लेकरांची आई, आणि पदर सारखा करत विचार करतेय, खरंच भास झाला असेल का मला? अगं भवाने, स्वतःच्या डोळ्यांना साक्षीला नवरा लागतो? आज ती बाकावरची बाई भेटली तर एक चापट देईन.

सकाळी ह्यांना ऑपरेशनला न्यायला माणूस आला. मी पलंगाच्या कडेवर बसले ती उठेचना.

"आंटी, हटिए."

नाही हटले. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले, "पेशाब के बाद ये छोटा हो जाता है! दबाओ तो फिर पेशाब आता है! पहले देखिए, फिर काटिए!"

ह्यांनी तोंडावर पंचा ओढला. डॉक्टर तणतणत आले. "गुरुजी, सच क्या है?"

पंच्याखाली मान हलली.

मग सोनोग्राफी. एकदा लघवी तुंबवून, एकदा करून आल्यावर. हर्निया निघाला, आणि त्यातून मूत्राशयच खाली उतरलेलं. हायड्रोसील समजून चिरलं असतं तर सुरी थेट त्यात. ऑपरेशन झालं, पण ते निराळंच.

घरी सोडताना डॉक्टरांनी ह्यांचा खांदा थोपटला. "अच्छा किया गुरुजी, जो आपने बता दिया."

मी शेजारीच उभी. दोन्ही हातांत पिशव्या.

हे म्हणाले, "जी."

लाजेपायी मला खोटं पाडलं, ते एक वेळ समजू शकते. आता कसली लाज होती? जीव वाचला होता. कुणामुळे, एवढंच सांगायचं होतं.

पुढे नागपूरचे यजमान घरी आले. हे रंगात आलेले. "मी डॉक्टरला म्हटलं, थांबा!"

चहाचे कप ठेवता ठेवता मी म्हटलं, "थांबा नाही म्हणालात. पंचा ओढलात."

यजमान चहात बघत बसले. ते गेल्यावर हे कडाडले, "चारचौघांत नवऱ्याची अब्रू काढतेस?"

"हो. माझी तुम्ही चारचौघांतच काढलीत."

ह्यांनी ती गोष्ट अजून सोडलेली नाही. मीही सोडत नाही. सांगतील तितक्यांदा खोडते. आणि मीच आधी मणिकर्णिकेला पोचले तर खोडायला कोण उरणार? म्हणून हे लिहून सुनेच्या हाती दिलंय. तिला बजावलंय, माझ्या तेराव्याला, पंगत बसली की, मोठ्याने वाच.