सकाळी सहाला आनंदी व्हायचं!

शिलाई मशीनखाली चिंध्या कधी साठतात ते कळतच नाही. झाडायला घेतलं की पोतंभर निघतात. आमच्या आनंदवर्गाच्या गोष्टींचंही तसंच झालंय. ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाईसुद्धा आधी विचारते, "सलीमभाई, काल वर्गात काय झालं?" माप राहतं बाजूला! म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं सांगून टाकावं, म्हणजे मी शिवायला मोकळा.

तर, आमच्या अर्ध्या बावडा गावाला गुरुजींनी शिकवलंय. शिकवलंय म्हणजे बडवलंय. मलाही. रिटायर झाल्यावर ते पुण्याला पाच दिवसांच्या कसल्याशा 'आंतरिक आनंद' शिबिराला गेले आणि हसत परत आले. नोकरीभर ज्या माणसाचे दात कुणी बघितले नव्हते, तो एसटीतून उतरताना हसतोय! त्यांच्या घरच्या काकू घाबरल्या. म्हणाल्या, "गाडी लागली का वो?"

दुसऱ्या दिवसापासून समाजमंदिरात वर्ग सुरू. वेळ सकाळी सहा. फी नाही, पण आला नाहीत तर गुरुजी घरी येतात. त्यापेक्षा आनंदी झालेलं परवडतं.

आता एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती सगळ्या गावाला ठाऊक आहे. गुरुजींची एकुलती एक मुलगी सुनीता. सहा वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं. इथंच जवळ, बारामतीत असते. तेव्हापासून गुरुजींनी घरात तिचं नाव काढू दिलेलं नाही. काकू आतल्या आत झुरतात. आणि हा माणूस आम्हाला शिकवणार, कायमचं सुखी कसं व्हायचं! पण तोंडावर बोलणार कोण? छडी आठवते अजून.

*

पहिल्याच दिवशी गुरुजींनी जाहीर केलं, "आनंद बाहेर शोधू नका. तो आपल्या आतच असतो."

बबनतात्यांनी हात वर केला. तात्या उसाचे बागायतदार, गुरुजींच्या बरोबरीचे, त्यामुळं त्यांना छडीची भीती नाही.

"आत म्हंजे नेमका कुठं? परवाच सोनोग्राफी केली. खडा निघाला, आनंद काय दिसला न्हाय!"

गुरुजी शांतपणे हसले. शिबिरात तसं शिकवलं होतं म्हणे. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

*

मग आली कृतज्ञतेची वही. रोज झोपायच्या आधी, ज्यांच्यामुळं आपण सुखी आहोत अशा तीन गोष्टी लिहायच्या. सकाळी गुरुजी वह्या तपासणार. तेही लाल पेनानं! माझं शुद्धलेखन चुकलं म्हणून मला कृतज्ञतेत दहापैकी चार मिळाले.

दत्ताअण्णाची वही उघडली, तर आठवडाभर एकच. म्हैस, म्हैस, म्हैस.

"अरे, घरात बायको आहे ना तुझ्या? तिच्याबद्दल काही नाही?"

"सर, तिची बी वही बघा की!"

कुसुमवहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांची वही उघडली. त्यांनीही म्हैसच लिहिली होती.

*

"भूतकाळात रमू नका, भविष्याची चिंता करू नका. वर्तमानात जगा!" हा पुढचा धडा.

कुसुमवहिनी जांभई देत म्हणाल्या, "सर, चारला उठून धार काढायची, मग चूल, डबे, वैरण, परत धार. भूतकाळात जायला मला सुट्टी कुणी दिली वो?"

गुरुजींनी तो धडा तिथंच संपवला.

*

तक्रारबंदीचा दिवस तर विचारूच नका. सगळ्यांच्या मनगटात एकेक रबर. तोंडातून तक्रार निघाली की रबर ताणून सोडायचा, चटका बसतो, आणि मन सुधारतं!

तात्यांनी सकाळी उसाच्या तोडीबद्दल तक्रार केली. चट्. दहाला लाइट गेली. चट्. दुपारी सुनेच्या आमटीबद्दल. चट् चट्. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या, तेव्हा तर मोजदादच राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सुजलेला हात घेऊन तात्या दवाखान्यात.

डॉक्टर म्हणाले, "काय चावलं?"

"चावलं न्हाय, आनंदाचा कोर्स चालूय."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कोर्स बंद करायला सांगितलं.

*

पण तात्या हटणारे नव्हेत. पुढं एक दिवसाचं मौन होतं. त्यांनी ते धरलं, आणि नेमकी त्याच दिवशी त्यांची पाटाच्या पाण्याची पाळी! भर दुपारी बांध फुटला आणि तात्यांचं पाणी शेजारच्या पोपटच्या उसात शिरलं. पोपट पलीकडच्या टोकाला उभा. ओरडलं तर मौन मोडतं, म्हणून तात्या दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागले.

पोपटला वाटलं, तात्या आज खुशीत दिसतात. त्यानंही दोन्ही हात हलवले!

असं दोघं बराच वेळ एकमेकांना हात करत होते. पोपटचा ऊस भिजला, तात्यांची पाळी संपली. मग तात्यांनी मौन सोडलं. ज्या वाक्यानं सोडलं ते मला इथं सांगता येत नाही, पण ते पार वेशीपर्यंत ऐकू गेलं.

*

त्यानंतर 'सोडून द्या'चा धडा. मनात ज्याच्याविषयी अढी असेल त्याचं नाव कागदावर लिहायचं आणि घमेल्यातल्या विस्तवात टाकायचं. आम्ही टाकले. तात्यांनी तर पोपटच्या नावाचे तीन कागद टाकले.

गुरुजींनीही काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि हळूच खिशात ठेवली.

तात्यांच्या नजरेतून सुटतंय होय? "गुरुजी, तुमचा कागद?"

"माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही," गुरुजी म्हणाले आणि विस्तवावर पाणी ओतलं.

मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला. आमच्या म्हशी, आमचे शेजारी सगळं तपासायचं, आणि स्वतःचं तेवढं खिशात! घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "रडत असतील वो ते एकटे." मग राग गेला, आणि वाईट वाटत राहिलं.

*

आणि मग तो मंगळवार. धडा होता क्षमेचा. प्रत्येकानं एकाला फोन लावायचा, स्पीकर चालू करायचा, सगळ्यांसमोर माफी मागायची.

दत्ताअण्णानं अंथुर्ण्याच्या साडूला लावला. "दाजी, माफ करा. तुमच्याबद्दल माघारी लई वंगाळ बोललो मी."

"काय बोलला हुतास?"

अण्णा भोळा. त्यानं सगळं सांगितलं! पुढं पाच मिनिटं साडू बोलत होता आणि आम्ही खाली बघत होतो.

तात्या म्हणाले, "गुरुजी, आता तुमी."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला. "इथं रेंज नाही," म्हणाले.

आत्ता साडूनं ज्या शिव्या दिल्या त्या फुल रेंजमध्ये होत्या! पण कुणी हसलं नाही. तात्याही नाही. तात्या हळू आवाजात म्हणाले, "लावा हो मास्तर. किती दिवस?"

गुरुजींनी फोन काढला. यादीत नाव शोधलं नाही. चष्म्याशिवायच, एकेक करत दहा आकडे दाबले. मी शेजारीच बसून बघत होतो. रिंग वाजायला लागली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, उचल गं बाई, उचल.

"हॅलो?"

गुरुजींचं तोंड उघडलं, शब्द फुटेना. सगळ्या गावाला पाढे म्हणायला लावणारा माणूस!

मग पलीकडून सुनीताच बोलली.

"अप्पा, तुमीच ना? दर रविवारी फोन करता अन् न बोलता ठेवता. आज मंगळवारी कसा काय केला? बरं हाय ना सगळं?"

सकाळचे साडेसहा वाजले होते. गुरुजी म्हणाले,

"जेवलीस का गं?"