उघडी ठेवलेली बाजू

चूक माझीच होती, आणि ती मी मोठ्या हौसेने केली.

लेकीने शाळेच्या प्रदर्शनासाठी पहिल्या महायुद्धातल्या चिलखती क्रूझरचं मॉडेल केलं होतं. चार धुरांडी, दोन्ही टोकांना तोफा. पत्रा इथल्या आखातातल्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपमधलाच. एका बाजूला मात्र तिने पत्रा लावलाच नव्हता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती शाळेत असताना मी बोट वर्कशॉपमध्ये नेली, ती बाजू पत्र्याने बंद केली, डाख दिला, वर करडा स्प्रे मारला आणि घरी आणून टेबलावर मांडली.

तिने येऊन बोट उचलली. आत काहीतरी खडखडलं.

"बाबा, व्हेअर आर माय मेन?"

"कुठली माणसं?"

"स्टोकर्स. कोळसा टाकणारे. दॅट साइड वॉज ओपन फॉर देम."

आतल्या बॉयलरपाशी चिकटवलेली ती तारेची माणसं मला उरलेल्या तारेचा कचरा वाटली होती; डाखाच्या उष्णतेने ती सुटून पडली होती.

"लढाईची बोट अशी फाटकी असते होय?" मी उलट तिलाच ऐकवलं.

ती चिडली नाही. ही जहाजं व्यापारी बोटींना सोबत करत दूरदूरचे समुद्र राखायची. कडेला जाड चिलखत असलं तरी पाण्याखालून टॉर्पेडो लागला की तळातली माणसं क्वचितच वर यायची, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "एव्हरीबडी मेक्स द गन्स, बाबा."

मी स्वतः टाक्यांच्या पोटात शिरून वेल्डिंग करत या देशात उभा राहिलो. तरी मला त्या बाजूला फक्त भोक दिसलं.

संध्याकाळी डाख वितळवून मी पत्रा काढला. तिने चिमट्याने एकेक माणूस पुन्हा उभा केला, मी टॉर्च धरला.

"खलास! झालं ना पहिल्यासारखं?" मी म्हणालो. तिने नुसती मान हलवली. जे म्हणायचं होतं ते माझ्या तोंडून निघालंच नाही.

प्रदर्शनात तिने मला हाताला धरून टेबलाशी उभं केलं. येईल त्याला सांगत होती, "माय डॅड हेल्प्ड मी विथ द मेटल." बंद केलेल्या बाजूबद्दल अवाक्षर नाही. तिचे ते उपकार मी कसे फेडणार?

परतताना पार्किंगमध्ये मी गाडी सुरू केली नाही. म्हणालो, "बाळा, मी तुला न विचारता हात लावला, वर तुलाच बोललो. चुकलं माझं. मला माफ कर."