लिओन ओर्साकची बोटं

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, हे लिओन ओर्साकला वयाच्या छपन्नाव्या वर्षी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये कळलं. टेक्ससचं ऑगस्टचं ऊन, ट्रकचं स्टिअरिंग तव्यासारखं तापलेलं, आणि हा गडी त्यावर दोन्ही हात ठेवून बोटं मिटतोय, उघडतोय, पुन्हा मिटतोय. बोटं दुखत होतीच, सकाळी दुखत होती तितकीच. पण आता त्याला त्यांची भीती वाटत नव्हती. त्यानं बायकोला फोन लावला.

"जॅनेल, संधिवात नाहीये."

"मग काय आहे?"

"मूर्खपणा."

"तो जुनाच आहे. घरी ये, जेवण गार होतंय."

हा मूर्खपणा नीट सांगायचा तर लिओनच्या अकॉर्डियनपासून सुरुवात करावी लागेल. लिओन पोटापाण्यासाठी काउंटीच्या खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवायचा, पण गावात त्याला कुणी ग्रेडरवाला म्हणत नसे. त्याची ओळख अकॉर्डियनची. आमच्या या चेक वंशाच्या लोकांच्या गावांत लग्न म्हटलं की ग्रँड मार्च आलाच. जेवणं झाली की नवरानवरी पुढे आणि अख्खं गाव जोडीजोडीनं मागे, चर्चच्या हॉलमध्ये फेऱ्या घालायच्या, आणि बँड थांबेपर्यंत कुणी थांबायचं नाही. तो मार्च वाजवायचा ओर्साकांनीच. आधी लिओनचा बाप वाजवायचा, मग लिओन. गावातल्या झाडून साऱ्या पोरींना त्यानं वाजवून सासरी पाठवलं होतं. आता ऑक्टोबरात त्याच्या स्वतःच्या लेकीचं, काराचं, लग्न होतं.

बापाचं वाजवणं कसं संपलं, हे लिओननं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हाताऱ्याची बोटं आधी आखडली, मग वाकडी झाली, आणि एके दिवशी त्यानं अकॉर्डियन पेटीत ठेवून पेटी पलंगाखाली सरकवली. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला, पण त्या पेटीचं नाव त्यानं काढलं नाही.

मागे काही काळ लिओनही असाच विझत चालला होता, पण त्याचं कारण वेगळं. ताटावर बसल्या बसल्या त्याला झोप लागायची. अकॉर्डियन उचलायला अंगात त्राण नसायचं, आणि अंथरुणातलं तर विचारूच नका. जॅनेल त्याबद्दल चकार शब्द काढत नसे आणि तिचं ते न बोलणंच त्याला जास्त लागायचं. शेवटी डॉक्टर ट्रेव्हिन्योबाईंनी दोन वेळा सकाळचं रक्त तपासलं आणि सांगितलं, की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाचं हार्मोन, तळाला गेलंय. मग दर रविवारी चर्चहून आलं की मांडीत त्याचंच एक इंजेक्शन. काही महिन्यांत माणूस पालवला. वाजवू लागला, जॅनेलच्या मागे स्वयंपाकघरात घुटमळू लागला. तीही "जा रे, काम करू दे," म्हणायची, पण लटकंच.

तिथं थांबला असता तर बरं होतं. पण माणसाला मित्र असतात.

हॉलमधल्या टेबलावर डोमिनोच्या सोंगट्या खेळणारे निम्मे पुरुष तेच इंजेक्शन घेत होते. असल्या गोष्टी पुरुष लपवतात असं तुम्हाला वाटेल, पण आमच्याकडचे नाही. पूर्वी ही मंडळी गुरांच्या भावावर वाद घालायची, आता एकमेकांच्या रक्तावर घालतात. त्यांतला मोठा पंडित बेनी कालस. धंद्यानं खाटीक, लिओनचा शाळेपासूनचा दोस्त, आणि ज्या विषयात कळत नाही त्यात अधिक जोरात बोलणारा.

वसंतातल्या चर्चच्या पिकनिकला लिओननं बापाचा आवडता वॉल्ट्झ, नाचाची एक संथ धून, वाजवला आणि वाजवता वाजवता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अरे बघा, बघा!" बेनी ओरडला. "लिओन बाईसारखा रडतोय! चढलंय रे तुझं इस्ट्रोजेन!"

सगळे हसले. लिओनही हसला, पण कान लाल करून. मग बेनीनं त्याला बाजूला घेतलं आणि ज्ञान दिलं. इंजेक्शनातल्या औषधातलं थोडं अंगात गेल्यावर बाईच्या हार्मोनमध्ये बदलतं, बेनीची तर त्यापायी छाती सुजून दुखायला लागली होती, त्याच्या डॉक्टरनं ते रोखायच्या गोळ्या दिल्या, सूज उतरली. वाईट हे, की यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढच्या डावाला येताना बेनीनं घरच्या धुरावलेल्या सॉसेजच्या पुडक्याबरोबर उरलेल्या गोळ्यांची बाटलीही आणली. आमच्याकडे कुणाचे भोपळे जास्त झाले, सॉसेज उरलं, की ते शेजारी जातं. नाही म्हणणं वाईट दिसतं. गोळ्याही तशाच गेल्या.

"आठवड्यात दोनदा, अर्धी अर्धी," बेनीनं बजावलं होतं.

लिओननं विचार केला, अर्धीनं गुण येतो तर अख्खीनं का नाही येणार? आणि दोनदाच का? रोज घेऊ. अति तिथं माती, हे या माणसाला रस्त्यावर खडी पसरताना बरोबर कळायचं.

रडू थांबलं. लिओन खूश. मग हळूहळू बाकीचंही थांबलं. सकाळी उठताना गुडघे कुरकुरायला लागले. बोटं इतकी ताठायची, की शर्टाची बटणं जॅनेल लावून द्यायची. रात्री तो तिच्याकडे पाठ करून झोपायचा. रेडिओवर पोल्काची नाचरी धून लागली तरी पाय हलायचा नाही. कारा लग्नाचा ड्रेस घालून आईच्या खोलीतून बाहेर आली, गोल फिरली आणि म्हणाली, "कसा दिसतो, डॅडी?"

लिओननं पाहिलं. पोरगी सुंदर दिसतेय, हे त्याला समजत होतं. पण आत काही हललंच नाही. "ठीक आहे," तो म्हणाला.

कारा कसंनुसं हसली आणि ड्रेसचा घोळ उचलून आत गेली. त्या दिवशी त्याला स्वतःचीच भीती वाटली.

जुलैत अकॉर्डियन उचललं तर डाव्या हाताची बोटं बटणांवर वळेनात. त्याच्या डोळ्यांसमोर पलंगाखालची पेटी आली. बापाचा आजार आला, त्यानं मनाशी पक्कं केलं. आणि एका संध्याकाळी तो काराला म्हणाला, "बेटा, लग्नाला एखादा डीजे बघून ठेव."

"डीजे? ग्रँड मार्चला? डॅडी, आजोबा थडग्यातून उठून येतील."

"मग दुसरा बँड बघ. मला नाही जमायचं."

तिनं का म्हणून विचारलं नाही. तिला वाटलं, बापाला हौसच उरली नाही. लिओनला तो गैरसमज दूर करता आला असता, पण बोटांचं नाव काढलं की ते खरं होईल असं त्याला वाटत होतं.

ऑगस्टात नेहमीची तपासणी होती. इंजेक्शन घेणाऱ्याचं रक्त फार दाट तर होत नाही ना, हे अधूनमधून बघावं लागतं. तेव्हा एकदाचे त्यानं बाईंपुढे हात पसरले आणि बोटांची कहाणी सांगितली. बाईंनी सांधा न् सांधा दाबून पाहिला, वाढीव तपासण्या लिहून दिल्या, आणि सगळे निकाल आल्यावर त्याला बोलावून समोर बसवलं.

"लिओन, टेस्टोस्टेरॉन छान आहे. रक्तही ठीक. संधिवाताची एकही खूण नाही. पण तुझं इस्ट्रोजेन गेलं कुठे? जवळजवळ शून्य आहे."

"चांगलंच की, मॅडम. पुरुषाला काय करायचंय ते?"

बाईंनी चष्मा काढला. "काय घेतोयस?"

"काही नाही, मॅडम."

"लिओन."

लिओननं आपल्या बुटांकडे पाहिलं. "बेनीच्या गोळ्या."

"बेनी कालस सॉसेज फार उत्तम करतो," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडून सॉसेजच घेत जा. अरे, पुरुषालाही ते थोडं लागतं. सांध्यांना, हाडांना, मनाला, आणि जॅनेलकडे तोंड करून झोपायलासुद्धा. तुझं अंग लागेल तेवढं बनवत होतं, तू ते खरवडून काढलंस. पिकनिकला रडलास, तेव्हा कुणी रक्त तपासलं होतं?"

"नाही, मॅडम."

"मग चढलंय हे ठरवलं कुणी?"

"बेनीनं."

"आणि वाजवत काय होतास?"

"बापाचा वॉल्ट्झ."

"मग?" बाई म्हणाल्या.

"बोटं सुटतील?" लिओननं विचारलं.

"गोळी आजपासून बंद. काही आठवड्यांत सुटावीत. नाही सुटली तर पुढचं पाहू. आणि यापुढे काही वाटलं तर आधी रक्त, मग औषध. टेबलावरचा सल्ला टेबलावरच ठेवायचा."

"होय, मॅडम," लिओन म्हणाला, आणि पार्किंगमध्ये जाऊन स्टिअरिंग धरून बसला.

त्याच संध्याकाळी त्यानं काराला सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. ती आधी रागावली, मग खूप हसली. "दुसरा बँड ठरवायचा का नाही?" तिनं विचारलं.

"थोडं थांबशील?"

"थांबते," ती म्हणाली. ड्रेसचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढच्या डावाला लिओननं बाटली टेबलावर आपटली. "घे तुझं औषध."

"पण मला तर गुण आला रे त्यानं!" बेनी कळवळून म्हणाला.

"तुझी छाती सुजली होती. तुला डॉक्टरनं तपासून दिलं. माझं काय सुजलं होतं?"

"डोकं," पलीकडून म्हातारा अर्नेस्ट म्हणाला, आणि टेबल हसण्यानं हादरलं. हसले नाहीत ते टेबलावरचे दुसरे दोघंच. ते आपापली बोटं मिटून बघत होते. बेनीनं सॉसेज त्यांनाही दिलं होतं, गोळ्यांसकट.

गुण काही रातोरात आला नाही. आधी एका सकाळी शर्टाची बटणं त्याची त्यानं लावली. मग एका रात्री जॅनेल झोपेतच म्हणाली, "आज इकडे कसं तोंड?" आणि तो अंधारात हसला. गुडघ्यांची कुरकुर थांबली. सप्टेंबर सरता सरता त्यानं अकॉर्डियनचा भाता ओढला, आणि डावा हात बटणं न चुकता शोधू लागला. कारा अंगणात होती. खिडकीतूनच तिनं आत ओरडून सांगितलं, "डीजेला नाही म्हणून कळवते!" म्हणजे पोरीनं गुपचूप एक ठरवून ठेवला होता. लिओनला त्याचा राग आला नाही.

लग्नाच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. ब्रिस्केटचं धुरावलेलं मांस संपलं, कोलाचीच्या गोड पावांच्या परातींत नुसता चुरा उरला, आणि लिओननं पट्टा खांद्यावर चढवला. ग्रँड मार्च असा वाजला, की म्हातारा अर्नेस्ट काठी विसरून फेरीत चालत राहिला. मग नवरीचा पहिला वॉल्ट्झ. लिओननं बापाचाच निवडला.

दुसऱ्या ओळीलाच त्याचे डोळे भरून आले. हात गुंतलेले, पुसणार कसं? पाणी हनुवटीवरून सरळ भात्यावर ठिबकू लागलं.

"लिओन!" मागून बेनीचा आवाज आला. "चढलंय रे!"

"चढू दे!" लिओन ओरडला, आणि वाजवत राहिला.

कारा नवऱ्याचा हात सोडून स्टेजपाशी आली. तिनं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग ड्रेसचा घोळ दोन्ही हातांनी पसरून, त्या दिवशीसारखीच एक गिरकी घेतली.

"आता सांगा, डॅडी. कसा दिसतो?"

लिओननं भाता ओढता ओढताच मान डोलावली. तिनं पुढे होऊन डोक्यावरच्या जाळीच्या ओढणीनं त्याचे गाल पुसले, आणि हसत हसत नाचायला परत गेली.