कशानं गेले?

कंधारच्या बसस्थानकावर मला सोडायला आबा आणि माय दोघंही आले होते. मायनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. ती पिशवीचं तोंड सारखं सोडत होती, पुन्हा बांधत होती, आणि कुणाच्या हातचं खाऊ नको, पैसे पोलक्यात ठेव, हे सांगत होती.  नांदेडची गाडी लागली, मी खिडकीशी बसले, तेव्हा आबा खिडकीखाली आले आणि म्हणाले, "तिथं लोकं कशानं मरतेत ते बघ."

माझ्या शेजारी बसलेली बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. लेक परमुलखात निघाली आणि बाप मरणाचं काढतो, म्हणजे याचं डोकं ठिकाणावर नसणार, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. माय तर चिडलीच. जाताना तरी चांगलं बोलावं म्हणाली. गाडी हलली तसं मला आधी हसू आलं, आणि नंतर लोहा येईपर्यंत रडू आवरलं नाही.

मी बहरीनला नर्स म्हणून निघाले होते. आपला कंधार तालुका जेवढा, साधारण तेवढाच तो देश. इथं येऊन माझी सगळी नोकरी झाली, केस पिकले, अजून इथंच आहे. गावाकडच्यांनो, तुम्ही फोनवर विचारता की तिकडं ऊन कसं, पगार कसा, सोनं स्वस्त का. आबांनी सांगितलं ते मी बघितलं का, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज लिहायला बसले. माझ्यासारखे जे गाव सोडून कुठं कुठं गेले, त्यांनीही वाचावं.

आबांचं ते बोलणं कळायला आमच्या घराचं जुनं काम माहीत असायला हवं. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्याधायऱ्यांना सांगावा न्यायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्या घराकडे होतं. ऊन असो, पाऊस असो, पायी जायचं. त्या घरासमोर लांब उभं राहायचं. "मेला" असं म्हणायचं नाही, "लई जड हाय, बिगी चला" एवढंच म्हणायचं. ऐकणाऱ्याला कळायचं. मग घरातली बाई पसाभर ज्वारी आणून वरून धोतराच्या सोग्यात टाकायची. माणूस कशानं गेला, हे ना कुणी विचारायचं, ना सांगायची रीत होती. आमच्या घरच्या माणसाला नुसतं दारात बघितलं तरी बायका छातीला हात लावायच्या. आबा तरुण असताना आमच्या वस्तीनं धम्म घेतला आणि ही कामं सोडली. आबांनी शपथ घेतली होती की मरणाचा सांगावा घेऊन पुन्हा कुणाच्या दारात उभा राहणार नाही. गावानं त्याचा राग बरीच वर्षं धरला. कुणी मजुरीला बोलवायचं नाही, दळण दळून द्यायचं नाही. आबांनी सगळं सोसलं, पण सांगावा घेऊन गेले नाहीत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मन्याड नदीच्या पात्रात वाळू तेवढी उरली. आमची वस्ती वाळूत झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरायची. वरच्या आळीला गावातला आड होता, आणि त्याला आम्हाला हात लावायची सोय नव्हती. दिवसा मात्र सगळा गाव एकाच ठिकाणी असायचा, दुष्काळी कामावर. मोठी माणसं खडी फोडायची, आम्ही पोरं टोपली उचलायचो. तिथं प्यायला पाणी गाडीवरून टिपाडात यायचं, ते त्या आडाचं. वरच्या आळीतला एक जण आमच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतायचा. आडाचं पाणी आम्हाला मिळालं ते दुष्काळानं दिलं म्हणायचं. आड तेव्हा तळाला गेला होता आणि पाण्याला चिखलाचा वास यायचा, पण तहानेला वास कुठला.

माझी धाकटी बहीण शांता सकाळी माझ्यासोबत टोपली घेऊन आली. दुपारी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. दिवस मावळायच्या आत ती गेली. तिचे डोळे इतके आत गेले होते की मायनं तिचं तोंड झाकून टाकलं. त्याच आठवड्यात वरच्या आळीतही माणसं जाऊ लागली. कुणी म्हणालं ऊन बाधलं, कुणी म्हणालं सरकारनं वाटलेला लाल मिलो, ती परदेशी हलकी ज्वारी, अंगी लागला नाही. सगळ्यात जास्त लोक म्हणाले, मरीआई कोपली. या लोकांनी धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले, मरीआईची सेवा टाकली, मग ती कोपणार नाही तर काय करणार?

आबा शाळेत गेलेले नव्हते. पण शांताला पुरून आले आणि वस्तीतल्या घराघरांत जाऊन बसले. आमच्यातली जी म्हातारी माणसं कामावर येत नव्हती, झिऱ्याचंच पाणी पीत होती, ती धडधाकट होती. पडलेले सगळे टिपाडातलं पाणी प्यालेले, नाहीतर वरच्या आळीतले. आबा मायला म्हणाले, पोर पाण्यानं गेली. माय म्हणाली, पाण्यानं गेली का देवानं नेली, आता काय करायचंय? आबा म्हणाले, बाकीची पोरं हायेत की गावात.

आणि ज्या माणसानं शपथ घेतली होती तो उठून वरच्या आळीत गेला. माय त्यांना अडवायला मागं धावली, आणि मी मायच्या मागं. आळीतलं पहिलंच घर गयाबाईचं, खाऊनपिऊन सुखी कुणब्याचं. तिची दोन लेकरं अंगणात खेळत होती. आबांना दारासमोर उभं बघितलं आणि गयाबाईनं छातीला हात लावला. आबांनी मान खाली घालून सांगितलं, "माझी शांता गेली. सांगावा न्हाई आनला मी. कशानं गेली ते सांगाया आलो. आडाचं पानी उकळून घ्या, लेकरायला तसंच पाजू नका."

गयाबाई वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ती लगबगीनं आत गेली आणि दुष्काळात स्वतःच्या लेकरांच्या तोंडचा घास काढावा तशी पसाभर ज्वारी घेऊन आली. आमच्या घरचा माणूस दारात उभा म्हणजे मयताचा निरोप, आणि निरोप म्हणजे ज्वारी, एवढंच तिला ठाऊक होतं. आबा पाण्याचं बोलत होते आणि ती ज्वारी त्यांच्या सोग्यात टाकत होती. ओसरीवरून तिचा सासरा म्हणाला, "आड शिवू देत न्हाई म्हनून आडाला नाव ठिवायला आलास व्हय रं?" आबांनी पुन्हा सांगून बघितलं. मग सोगा सोडला, ज्वारी दारातल्या मातीत ओतली आणि वळून चालू लागले.

माय थांबली. ती खाली बसली आणि मातीतली ज्वारी एकेक दाणा करून वेचू लागली. मीही वेचली. गयाबाई आमच्याकडे बघत उंबऱ्यात उभी होती, तिनं वाकून हातानं एक-दोन दाणे आमच्याकडे सरकवले. त्या ज्वारीची भाकरी झाली. आबा जेवले नाहीत, आम्ही जेवलो, आणि कितीतरी दिवसांनी मिलोच्या जागी ज्वारी मिळाली म्हणून ती मला गोड लागली. शांता गेल्याला तेव्हा दोन दिवसही झाले नव्हते. भूक फार निर्लज्ज असते.

गयाबाईचा धाकटा त्यानंतर गेला, आणि त्याच्या पाठोपाठ तिचा सासरा. नंतर तालुक्याहून माणसं आली आणि त्यांनी आडात पांढरी पावडर टाकली. तेव्हा कुठं मरणं थांबली. गावात अजूनही सांगतात की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून नेला म्हणून साथ गेली. आबांचं नाव कुणी काढत नाही. ते पुढं कधी वरच्या आळीत पाऊल टाकायला गेले नाहीत, पण मला मात्र त्यांनी शाळेतून काढलं नाही. मी नर्सिंगला जाते म्हणाले तेव्हा वस्तीतले हसले, आबा म्हणाले जा.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा नव्या जागा निघाल्या, त्यात मला दवाखान्यात नोकरी लागली. सगळं शहर नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगवण्यात गुंतलं होतं. आमच्याकडे बाळंतपणात रक्त जाऊन बायका यायच्या, विंचू-सापाची माणसं यायची, आणि भाजलेल्या सुना यायच्या. प्रत्येकीचा स्टोव्ह भडकलेला असायचा. गावाकडे चुलीवर स्वयंपाक करणारीचाही स्टोव्हच भडकायचा. सासू खाटेच्या पायथ्याशी उभी असायची आणि पोरगी तिच्याकडे बघून सांगायची, स्टोव्ह भडकला. मी त्यांना मलम लावायची आणि मला गयाबाईची ओसरी आठवायची. माणूस मरतो एका कारणानं आणि गावाला चालतं दुसरंच. मला तिथं राहवेना. पगाराचं निमित्त होतंच, ते खोटं कशाला बोलू, पण खरं म्हणजे जळल्या कातडीच्या त्या वासापासून मी पळाले.

इथं आल्यावर वाटलं, सुटले. इथल्या जुन्या बायका सांगायच्या, आमच्याकडेही पूर्वी हिवतापानं, क्षयानं माणसं जायची, पाळण्यातली पोरं जायची. मग तेल निघालं, दवाखाने झाले, नळ आले. मी आले तोवर मरणाची तऱ्हाच बदलली होती. आता इथली माणसं म्हातारी होऊन जातात. शुगर, हृदय, किडनी, कर्करोग. चारचौघं उशाशी असतात, तोंडात पाणी घालतात. मयत हा शब्द इथं अरबीतही जवळपास तसाच म्हणतात, तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा वॉर्डात एकदम गावी गेल्यासारखं झालं. तुमच्याकडेही आता तेच सुरू आहे म्हणा. फोन आला की अटॅक, शुगर, डायलिसिस, नाहीतर मोटारसायकल. हगवणीनं पोर गेलं असं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नाही. ही बातमी आबांना सांगायला हवी होती.

लातूरकडे भूकंप झाला तेव्हा मी इथंच होते. तेव्हा कुणाला कारण विचारावं लागलं नाही. आणि आबा गेले तेव्हा भावानं फोन केला तो जुन्या रीतीनं, "आबाला जड हाय, ये." मी समजले. पोचल्यावर विचारलं कशानं गेले, तर भाऊ म्हणाला वय झालं. त्यांना कितीतरी वर्षं दम लागायचा, खोकताना छाती दोन्ही हातांनी धरायचे. दुष्काळ सरल्यावरही त्यांनी आयुष्यभर खडीच फोडली. मी भावाला म्हणाले, दगडाच्या धुळीनं गेले. तो म्हणाला, आता काय करायचंय? मायचे ते शब्द त्याच्या तोंडून ऐकून माझं डोकं फिरलं, मी त्याला नको ते बोलले. कारण सांगावं आणि ते कुणी ऐकू नये, हे आमच्या घराच्या पाचवीलाच पुजलेलं आहे.

या छोट्या देशात मरणं दोन तऱ्हेची आहेत, हे कळायला मला वेळ लागला. इथल्या माणसांचं एक, आणि इथं इमारती बांधायला आलेल्यांचं दुसरं. आपल्या बाजूची, तेलंगणातली, बिहारची तरणीताठी पोरं उन्हाळ्यात कामावरून येतात, खोलीत आडवी होतात आणि उठत नाहीत. कागदावर येतं, हृदय बंद पडलं. मेलेल्या कुठल्या माणसाचं हृदय चालू असतं?

मागच्या उन्हाळ्यात असाच एक आणला, बिलोली तालुक्यातला. सळया बांधायचं काम करायचा. दवाखान्यात आणला तेव्हा जीव नव्हता, पण अंग अजून तव्यासारखं तापलेलं होतं. त्याला पुसून काढणारी मीच होते. त्याच्या बायकोला मराठीशिवाय काही येत नव्हतं, म्हणून साहेबांनी मला फोन करायला बसवलं. असा फोन मी त्याआधी कधी केला नव्हता. झोपेत हृदय बंद पडलं, एवढंच सांगायचं, अशी ताकीद होती. मुकादमाचा माणूस समोर खुर्ची ओढून बसला होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण आवाज त्याला कळत होता. माझी निवृत्ती जवळ आली होती आणि मला भीती वाटत होती, हे लपवत नाही.

पलीकडून ती म्हणाली, "हाव, बोला." बातमी तिला आधीच कळलेली होती. आवाज कोरडा होता. मग तिनं विचारलं, "त्यो दुसरा फोनवाला म्हनला झोपंत गेले. झोपंत मरतंय का बाई कुनी, असलं उमेदीचं मानूस? कशानं गेले?"

मी म्हणाले, "उन्हानं गेले, माय. दुपारच्या उन्हात काम करून आले आनि गेले."

 मुकादमाचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. मग तिनं विचारलं, "पानी पाजलं का कुनी?"

मी म्हणाले, "न्हाई."

मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. ती म्हणाली, "थांबा. माझ्या सासऱ्याला बी असंच सांगा. मी सांगितलं तर मानायचे न्हाईत." सासऱ्यानं फोन घेतला, मी त्यांना सांगितलं. त्यांनी तो दिराला दिला, त्यालाही सांगितलं. मग कुणी शेजारी आला, कुणी बहीण आली. मागं अंगणात माणसं जमल्याचा आवाज येत होता, आणि मी बोलू लागले की तो थांबायचा. प्रत्येकानं तेच विचारलं आणि प्रत्येकाला मी तेच सांगितलं. वय झालं, देवानं नेलं, असं कुणीही म्हणालं नाही.

नोकरी राहिली का, ते विचारू नका. चौकशी अजून चाललीय. पण कुणी विचारलं की बाई, तुमचं घर कुठलं, तर आता माझ्या तोंडी पटकन कंधार येत नाही, बहरीन तर नाहीच. बिलोलीकडचं ते अंगण येतं. ते मी कधी बघितलेलं नाही, पण तिथं माझ्या घरचा सांगावा शेवटपर्यंत ऐकून घेतला गेला.