होडीवरचं कुंकू काढणारी अंबूआक्का

नाटकात चाळीस वर्षं काढली. एकाहून एक नायिकांचे प्रवेश विंगेतून डोळे भरून पाहिले. पण गेल्या जूनमध्ये कुरुंदवाडच्या घाटावर अंबूआक्का जशी उतरली, तसा प्रवेश मी कुठल्याच रंगमंचावर पाहिला नाही. सत्तरीची बाई, पदर कमरेला खोचलेला, एका हातात काथ्याचा बोळा, दुसऱ्या हातात खोबरेलाची बाटली!

तिचा नवरा नावाडी होता. तो गेल्यापासून घाटावरच्या होड्या तीच घासते. पाण्याच्या रेषेवर बसलेल्या तपकिरी डागाला ती चिंचेचा कोळ फासते, वर ओलं पोतं टाकते आणि तासाभरानं होडी उजळून देते.

त्या वेळचा डाग मात्र हट्टी होता. पुरात माणसं बाहेर काढणारी गावाची पांढरी फायबरची होडी दर पावसाळ्याआधी पुजतात. बायका तेलात कालवलेल्या कुंकवाचे हात तिच्यावर उमटवतात. थरावर थर बसून होडीचा पुढचा भाग लालभडक झाला होता. मागच्या पुरात तोच भाग पुलाच्या कठड्यावर आदळला होता. भेग पडली असली तरी त्या लाल थराखाली दिसणार कशी? आणि नदी तर चढू लागली होती.

"होडीचं कुंकू पुसायचं नसतंय आक्का," बचाव पथकातला गुंडू म्हणाला. "त्यात तू..." तो अडखळला.

"बोल की! विधवेनं हात लावायचा न्हाय, व्हय ना? आरं, बारा माणसं घिऊन ही बुडाली तर मग पूजा कुणाची घालतोस?"

गुंडू खजील झाला. मदत करायची म्हणून तारेचा ब्रश घेऊन आला.

"ठेव त्यो! चरं पाडलंस तर चरा कुठला नि भेग कुठली, वळखशील व्हय?"

तिनं डागावर ताजं खोबरेल चोळलं. प्रयोग संपल्यावर आम्हीही तोंडाचा रंग असाच उतरवायचो. त्या ओढीनं मीही एक बोळा उचलला.

"गणपतराव, नाटकातलं घासू नगा. जोर लावा!"

दुपारपर्यंत लाल तेल ओघळत राहिलं. मग साबणाचं पाणी, पुन्हा तेल, पुन्हा साबण. शेवटी पांढऱ्यावर ती दिसली: वीतभर लांब, केसाएवढी बारीक भेग. गुंडू ठिगळाचं सामान आणायला धावला.

भेगेवर फायबरचं ठिगळ बसलं. यंदा हात वल्ह्यांवर उमटवा, असं आक्कानं बायकांना बजावलं. ठिगळ वाळल्यावर होडी पाण्यात सोडली, तेव्हा सगळ्यांत आधी तीच चढली आणि थेट ठिगळाला टेकून बसली. गुंडूनं होडी पलीकडच्या काठापर्यंत नेऊन आणली.

ती उतरली, तेव्हा आम्ही सगळे तिच्या लुगड्याकडे बघत होतो.

"काय बघताय? कोरडं हाय," ती म्हणाली आणि शेजारच्या होडीचं शेवाळ खरवडायला बसली.