आण्णांना कुठल्या हॉलमध्ये उभं करायचं

आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळं जग रविवारी घरी बसतं आणि आम्ही गुरुवारी. चाकणच्या माझ्या बिल्डिंगमध्ये त्या दिवशी सकाळी नऊनंतर चिटपाखरू नसतं. मुलं शाळेत, मोठे कामावर, पार्किंगमध्ये माझी बाईक आणि वॉचमनची रिकामी खुर्ची. दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवून जातो, त्यामुळे तेवढंही बोलणं होत नाही. माझं लग्न झालं होतं, चार वर्षांत मोडलं; त्याबद्दल इथे एवढंच. कित्येक गुरुवारी दुपारी जेवणाच्या वेळी माझ्या लक्षात यायचं, की सकाळपासून आपल्या तोंडातून एक शब्द निघालेला नाही. मग मी उगाच खाकरून बघायचो.

त्या गुरुवारांत मी घरच्या घरी गाणी मिक्स करायला शिकलो. म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज घ्यायचे, कमी-जास्त करायचे, एकमेकांत नीट बसवायचे. त्याला एक लॅपटॉप, बरा हेडफोन आणि भरपूर रिकामा वेळ लागतो. तिसऱ्या गोष्टीची माझ्याकडे कमतरता नव्हती.

आण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी गेले. पिंपरीच्या एका फाउंड्रीत त्यांनी आयुष्य काढलं, पण दापोडीत त्यांना ओळखायचे ते गाण्यामुळे. गायन पार्टीत ते मुख्य गायक. भीमजयंतीचे कार्यक्रम, लग्नाआधीची रात्र, कुणाच्या घराची वास्तू, बोलावणं आलं की शिफ्ट बदलून घ्यायचे आणि जायचे. लहानपणी मी स्टेजच्या कडेला भोंग्याखाली बसायचो. "गौतमा"मधला "मा" त्यांनी लांबवला की तो समोरच्या चाळीवर आपटून परत यायचा. तो आवाज माझ्या छातीत बसलाय.

त्यांच्या कॅसेटी एका पुराच्या पाण्यात गेल्या. उरलं होतं एकच रेकॉर्डिंग, माझ्या जुन्या फोनवर घेतलेलं आणि लॅपटॉपवर ठेवलेलं. दापोडीच्या खोलीत, भर दुपारी, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून त्यांनी स्वतः रचलेलं गाणं म्हटलं होतं. साडेतीन मिनिटं. पहिल्या स्मृतिदिनाला ते विहारात लावायचं मी ठरवलं. खरं सांगायचं तर विहार हे निमित्त होतं. आईनं ते ऐकावं आणि "हेच ते" म्हणावं, एवढं मला हवं होतं. आण्णा गेल्यापासून ती तळेगावला थोरल्या भावाकडे राहते आणि त्यांच्याबद्दल काहीच बोलत नाही.

कंपनीत मी क्वालिटीला आहे. शिफ्टचा पहिला पार्ट मी मोजतो. तो पास झाल्याशिवाय मशीन पुढे चालत नाही. कापलेल्या लोखंडाच्या कडेला जी बारीक धार राहते, तिला आम्ही बर म्हणतो. बर दिसली की माझा हात आपोआप रिजेक्टच्या लाल टॅगकडे जातो. त्याच नजरेनं मी आण्णांचं गाणं तपासायला घेतलं. पंख्याची घरघर, रेल्वेचा भोंगा, भांडी, कसली तरी थपथप, मध्येच चार-पाच सेकंदांचा खोळंबा. सगळीच बर. सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचं चित्र दिसतं, त्यात एकेक ठोका निवडून पुसता येतो. मी तीन गुरुवार बसून प्रत्येक ठोका पुसला. खोळंबा कापून दोन टोकं अशी जोडली, की सांधा मलाही सापडेना. अंगभर समाधान वाटलं.

आता आवाज स्वच्छ झाला होता, पण पोरका वाटत होता. त्याला जुनेपण द्यायचं होतं, आणि त्याच्याभोवती जागा हवी होती. जुन्या स्टुडिओतली यंत्रं आपल्याला कुठली परवडायला, म्हणून त्यांच्या नकला लॅपटॉपवर मिळतात. त्यांना प्लग-इन म्हणतात. काही नकला प्रीअ‍ॅम्पच्या, म्हणजे माइकचा बारीक आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या. जुनी यंत्रं तो मोठा करता करता जरा जाडसर, उबदार करायची. काही नकला रीव्हर्बच्या, म्हणजे घुमाऱ्याच्या. पडद्यावर यंत्राचं हुबेहूब चित्र येतं. गंजलेले स्क्रू, घासलेली बटणं, पिवळट काचेमागे थरथरणारा काटा. रंग उडालेलं पॅनेल आमच्या लाइनवर आलं असतं तर मी अख्खा लॉट थांबवला असता. इथे लोकांनी मुद्दाम ओरखडे रंगवलेले.

मी चाचणीची प्रत उतरवायचो, चौदा दिवस वापरायचो, कागदावर रकाने आखून लिहायचो. पहिला प्रीअ‍ॅम्प : आवाज जाड, पण "स" टोचतो. रिजेक्ट. दुसरा : आण्णांना सर्दी झाल्यासारखं. रिजेक्ट. तिसऱ्यात खालच्या पट्टीला अशी ऊब आली, की मी हेडफोन काढून खोलीत पाहिलं. तो ठेवला. त्यात जुन्या यंत्राची बारीक गुणगुणही आपोआप यायची, ती बंद करायचं बटण होतं. मी चालू ठेवली. अस्सल वाटत होती.

रीव्हर्बनं मात्र दम काढला. पत्र्याचा घुमारा, स्प्रिंगचा घुमारा, टेपवरचा इको. शेवटी आण्णांच्या कार्यक्रमांना साउंड लावणाऱ्या काकांना फोन केला. ते आता थकलेत, सांगवीला असतात.

"काका, आण्णांना इको कुठल्या मशीनचा द्यायचात?"

"डबा होता राव एक, टेपचा. नाव कुणाला ठाऊक," ते म्हणाले. "आण्णा सारखे खुणवायचे, अजून वाढव, अजून वाढव. डबा तापून लाल व्हायचा. पण तुला आज कशाला लागलाय?"

मी कारण सांगितलं. तर ते म्हणाले, "आईला विचार की. तिला जास्त ठाऊक."

मी हो म्हटलं आणि विचारलं नाही. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना.

मग मला ते मोठं रीव्हर्ब सापडलं. त्यात खऱ्या जागा होत्या. कुठलं परदेशातलं चर्च, कुठल्या रेडिओ केंद्राचं तळघर, कुठलं बंद पडलेलं नाट्यगृह. कुणीतरी तिथे जाऊन, रिकाम्या हॉलमध्ये फुगा फोडून, त्याचा घुमारा टिपून आणतो. तोही माझ्यासारखा गुरुवारच्या सुट्टीवाला असणार. मी पाच आठवडे आण्णांना एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये उभं करत होतो, आणि प्रत्येक हॉल रिकामा होता. हे तेव्हा मनात आलं होतं. मी ते झटकलं.

त्या जागांच्या फायली अवाढव्य होत्या. लॅपटॉप भरला. जागा करायला मी जुनं काय काय उडवलं, त्यात आण्णांचं मूळ रेकॉर्डिंगही उडवलं. स्वच्छ केलेली प्रत आहे, कच्चं कशाला ठेवायचं? ज्या फोनवर ते घेतलं होतं तो केव्हाच भंगारात गेला होता. एखाद्या ऑपरेटरनं मास्टर पीस, म्हणजे ज्याच्याशी बाकीचे पार्ट ताडून बघतात तो मूळ नमुना, असा फेकला असता, तर मी त्याची शिफ्टभर हजेरी घेतली असती.

शेवटी नाट्यगृह ठरलं. पुढच्या गुरुवारी लॅपटॉप आणि हेडफोन पाठीला लावून, कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत मी तळेगावला गेलो. भाऊ-वहिनी कामावर होते. आई खिडकीशी बसली होती, नुसतीच. मी तिच्या कानांवर हेडफोन बसवला. पहिला पार्ट तपासणीला ठेवल्यासारखा तिच्याकडे बघत उभा राहिलो.

तिनं पूर्ण ऐकलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आवाज त्यांचा हाय," ती म्हणाली. "पर हे कुठं गायले रं? आपल्या घरातलं गाणं ना हे?"

"घरातलंच आहे. मी त्याला हॉलचा आवाज दिलाय, स्टेजसारखा."

"आन् ती घूं घूं कशाची?"

"जुन्या मशीनची. मुद्दाम घातलीय."

ती हेडफोनच्या वायरीशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "माझी थाप कुठं गेली?"

मला कळलं नाही. म्हणजे पहिल्या क्षणी नाही कळलं.

"मी भाकरी थापत व्हते की. त्या थापेवरच तर हे म्हणायचे. कार्यक्रमात ढोलकी, घरात माझी परात." ती हसली जराशी. "आन् मधी थांबायचे. मी भाकरी उचलून तव्यावर टाकेपर्यंत थांबायचे. न्हाईतर माझा ताल चुकायचा. हितं थांबलेच न्हाईत."

मी जमिनीवर बसलो. तीन गुरुवार मी एकेक ठोका करून माझ्या आईला पुसलं होतं, आणि तिच्यासाठी ते जेवढे थांबले होते तेवढंही कापून टाकलं होतं. आणि मी काही परका नव्हतो. त्या दुपारी मी तिथेच ताटावर बसलो होतो. त्यातल्या दोन भाकरी मीच खाल्ल्या होत्या.

"पैलं हाय ना तुझ्याकडं?" तिनं विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. "मी उडवलं." आणि मला रडू आलं. आण्णा गेले तेव्हा सगळ्यांची व्यवस्था बघण्यात ते राहूनच गेलं होतं.

आईनं मला रडू दिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली. भांड्यांचा आवाज आला. गेलो तर तिनं दापोडीची जुनी परात ओट्यावर काढली होती आणि पिठाचा डबा शोधत होती. भावाकडे पोळ्याच होतात. इथे आल्यापासून तिनं एकदाही भाकरी केली नव्हती.

"लाव त्यांना," ती पीठ मळत म्हणाली. "हॉल नको. नुसतं लाव."

मी रीव्हर्ब काढलं, प्रीअ‍ॅम्प काढला, ती गुणगुण बंद केली. फोन मसाल्याच्या डब्यावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. फोनवर फक्त तिची थाप यावी म्हणून हेडफोन तिच्या डोक्यावरच्या पदरावरूनच कानांना लावला, वायर पाठीमागून घेतली. लॅपटॉप हातात धरून मी ओट्याशी उभा राहिलो. आण्णा कोरडे, उघडे गायला लागले; ते फक्त तिलाच ऐकू येत होते. मला ऐकू येत होती ती थाप. ती दोन-चार ठोके चाचपडली, मग सापडली.

पडद्यावर रेघ पुढे सरकत होती. मी जोडलेला सांधा जवळ आला. आईनं भाकरी दोन्ही हातांवर उचलली आणि तव्याकडे वळली.

मी बटण दाबून आण्णांना थांबवलं.

तिनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. हात पुसले, नवा गोळा परातीत घेतला आणि माझ्याकडे न बघता मान हलवली. मग मी त्यांना पुन्हा सुरू केलं.